कडी काढणारं मुंगूस

"वहिनी, जगात कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण मुंगसानं खुराड्याची कडी काढली. हातानं! माणसासारखी!"

कुंपणाच्या जाळीपलीकडून ड्रायव्हरभाऊ सांगत होते. अलीकडे, शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनी तारेला पीळ देत होत्या. भाऊंच्या तीन कोंबड्या गेल्या तेव्हापासून वहिनींनी मशीनला हात लावला नव्हता. त्यांची तांबडी अंड्यांवर बसली होती, तीही नेमकी जाळीला टेकून. म्हणून दिसेल ते भोक बुजवणं चाललं होतं.

"मुंगूस केवढं होतं म्हणालात?"

"कुत्र्याएवढं."

"काल बोक्याएवढं होतं."

"मग? तीन कोंबड्या खाल्ल्या, अंगी लागणार नाहीत?"

भाऊंची हयात बस चालवण्यात गेली. निवृत्तीनंतर कोंबड्या हेच त्यांचे उतारू. गेल्या बाजाराला त्यांनी एक नवी कबरी कोंबडी आणली, तेव्हा वहिनींनी बजावलं होतं, "भाऊ, थोडे दिवस हिला वेगळी डालून ठेवा. कुठलं काय घेऊन आली असेल."

"रस्त्यात उभ्या माणसाला सोडून गाडी पुढं नेली नाही कधी," असं म्हणून भाऊंनी कबरीला थेट खुराड्यात चढवलं. वर बाकीच्यांना दरडावलं, "सरका जरा आत!"

वहिनींनी तार खाली ठेवली. "आणि पिसं?"

"कसली?"

"मुंगसानं धरली तर पिसं उडतात, भाऊ. एक दिसत नाही."

"पिसांसकट गिळलं."

"रक्त?"

"चाटून लख्ख केलं. भारी टापटिपीची जात हो!"

तेवढ्यात खुराड्यात कोणीतरी शिंकलं. भाऊ घाईघाईनं खोकले.

"सर्दी झालीय मला," ते म्हणाले.

पुन्हा शिंक आली. या वेळी भाऊंचं तोंड उघडंच होतं, मुंगसाच्या मिश्या किती लांब ते सांगायला.

वहिनी टाचा उंचावून पाहू लागल्या. कबरी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती, एक डोळा सुजून मिटलेला. भाऊ सरकून आडवे उभे राहिले. ते सरकले तशी मागची पपई दिसली, आणि तिच्या बुंध्याशी उकरून बुजवलेली ओली माती. वर चुना, कडेपर्यंत हातानं सारखा केलेला.

वहिनींनी वाकून तांबडीला उचललं. ती चोच मारत होती, अंडी उघडी पडली होती. आपण जी जाळी इतकी आवळली, तिच्यातून वारा तर आरपार जातोच आहे, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"...आणि मिश्या म्हणाल वहिनी, तर ह्या एवढ्या—"

"भाऊ," वहिनी तांबडीला पदराखाली घेत म्हणाल्या, "मुंगूस खाल्लेलं मातीत पुरून वर चुना टाकत नाही. तुमच्या कोंबड्या रोगानं मेल्या."