पंपांच्या कॅटलॉगातले तीस चेहरे

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. खरे तर जन्माने मी वही नव्हे, पाण्याच्या पंपांचा कॅटलॉग. जाड पुठ्ठा, पक्की शिवण आणि पानापानांवर पंपांच्या आकृत्या. मला कुणी कधी वाचले नाही. छापखान्यातून निघाले आणि कशी कोण जाणे, एका फोटो स्टुडिओत येऊन पडले. तिथे माझा उपयोग एकच होता. ओळखपत्राच्या फोटोसाठी कुणी बुटके गिऱ्हाईक आले की मला स्टुलावर ठेवायचे आणि त्याला माझ्यावर बसवायचे. शेकडो लोकांनी माझ्यावर बसून चेहरा गंभीर केला. मानाचे काम नव्हते, पण उपयोगी पडत होते.

त्या स्टुडिओत एक बाई फोटो काढायची आणि नंतर ते संगणकावर साफ करायची. कुणाची मुरुमे पुसायची, कुणाच्या डोळ्यांखालचे काळे घालवायची. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिल्यामुळे तिचा स्वतःचा फोटो असा नव्हताच. ओळखपत्रावर एक होता, पण त्यावर नेमका गोल शिक्का बसलेला.

मग ती आजारी पडली. डॉक्टरांनी काय सांगितले ते मी ऐकले नाही. पण त्या संध्याकाळी ती स्टुलासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मालकांना विचारून मला घरी घेऊन आली. घरात तिची मोठी बहीण होती, कपडे शिवणारी, आणि चार वर्षांची मुलगी. मावशी त्या मुलीला 'बटण' म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे. चार वर्षांच्या मुलीला पुढे आईचा चेहरा आठवणार नाही, हे त्या बाईला पक्के ठाऊक होते. म्हणून तिने मला हाती घेतले.

तिने माझी एकाआड एक पाने कापून टाकली. चिकटवलेल्या गोष्टींनी मी फुगले तर शिवण उसवू नये, म्हणून. मला दुखले, पण तिला आपले काम कळत होते. उरलेल्या पानांना तिने पांढरा रंग दिला. दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी ती स्टुडिओची किल्ली मागून न्यायची, कॅमेऱ्याला टायमर लावायची आणि स्वतःचा एक फोटो काढायची. तो छापून, कातरून माझ्यात चिकटवायची. केसांवरून काळा दोरा शिवायची. बहिणीच्या चिंध्यांतून ओढणी करायची. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, बसची तिकिटे, पंपाचा एखादा पाइप, सगळे त्या चेहऱ्याभोवती जमवून वरून रंगाचे हात द्यायची. एकदा बटणने ब्रश उचलून आईच्या नाकावर निळा फराटा ओढला, तर ती इतकी हसली की तिला खोकला आला. तो फराटा तिने तसाच ठेवला. दुसऱ्यांचे डाग पुसणाऱ्या त्या बाईने स्वतःचा एकही डाग पुसला नाही. चेहरा उतरत गेला, तोही जसाच्या तसा चिकटवला.

दोन पानांच्या मध्ये ती न चुकता बटर पेपर घालायची. असा रंग हाताला कोरडा लागतो, पण दाब आणि उष्णता मिळाली की समोरच्या रंगाला धरतो. तिच्या कामात हे कुणालाही ठाऊक असते, त्यामुळे सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नाही. एकतीस फोटो झाले तेव्हा तिला उठून बसवेना. तिने मला बहिणीच्या हाती दिले.

"ताई, बटण दहा वर्षांची झाली की तिला दे. आत्ता नको, फाडेल."

"तूच दे की," बहीण म्हणाली.

ती गेली. स्टुडिओही पुढच्या वर्षी बंद झाला आणि संगणक पुसून विकला गेला.

मावशी टापटिपीची बाई. तिच्याविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. तिने जड मनाने मला उघडले आणि आत तिला पातळ, आरपार दिसणारे, कोरे कागद मिळाले. फोटोंबरोबर आलेले वेष्टणाचे कागद असतील, असे तिला वाटले. कपड्यांचे माप काढून बेतायला असे कागद सोन्यासारखे. तिने ते एकेक काढून घेतले, सारखे केले. मी फुगलेली बघून तिला वाईट वाटले, म्हणून मला सरळ करायला शिलाई मशिनीच्या पायाखाली ठेवले. पत्र्याच्या खोलीत सहा उन्हाळे मी तिथे होते. ती माझ्यावरची धूळ रोज पुसायची आणि शब्द दिल्याप्रमाणे त्यानंतर तिने मला एकदाही उघडले नाही.

बटण दहा वर्षांची झाली त्या दिवशी मावशीने मला तिच्या मांडीवर ठेवले. पहिल्या पानावर फक्त एक कान आणि खांदा होता. पहिल्या दिवशी टायमर संपेपर्यंत आईला खुर्चीवर पोचताच आले नव्हते. मुलगी हसली आणि पान उलटायला गेली.

"मावशी, ही उघडत नाहीये."

"हळू ओढ."

तिने हळूच ओढले. आईचे डोळे समोरच्या पानावरच्या आईच्या गालाला चिकटून निघाले. खाली नुसता पांढरा कागद आणि पंपाची आकृती. तिने घाबरून पुढचे पान ओढले. तिथेही तेच झाले. चार चेहरे गेले तेव्हा मावशीने तिचा हात धरला.

"त्या कागदांवर," मावशी म्हणाली, "मी तुझे फ्रॉक बेतले."

पुस्तके बांधणाऱ्या एका माणसाला त्यांनी मला दाखवले. त्याने कडेने सुरी घालून पाहिली, लगेच काढली आणि सांगितले की आता ओढाल तितके जाईल. बटणने मावशीला विचारले, आई दिसायला कशी होती. मावशी म्हणाली, तुझ्यासारखीच. ते खरे नाही. हनुवटी वेगळी होती, भुवया वेगळ्या होत्या. मला सगळे पाठ आहे आणि मला बोलता येत नाही.

मित्रांनो, कुणी आपल्या हातची वस्तू तुमच्याकडे सोपवली, तर ती सांभाळायची कशी हे तो समोर आहे तोवर विचारून घ्या. तुम्ही देणारे असाल, तर क्षुल्लक वाटले तरी सांगून ठेवा. माझ्या बाबतीत सगळ्यांनी माया केली आणि तरी हे झाले.

सव्वीस चेहरे अजून माझ्या पोटात आहेत. बटण शाळेतून आली की मला हातात घेते. उघडत नाही. नुसती कडेने बघते. कडेने रंगांच्या रेघा दिसतात, एखादा काळा दोरा दिसतो. चेहरा कडेने दिसत नाही.