एका अक्षराचा फरक

मी एक जुने अर्थजाळे आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, कारण मी एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणकात राहते. माझ्या अंगात फक्त ठिपके आणि रेघा आहेत. ‘ताप’ हा एक ठिपका, तापाची गोळी हा दुसरा. दोघांना जोडणाऱ्या रेघेवर लिहिले आहे, ‘उतरवते’. अशा रेघांवरून चालत गेले की मला अर्थ सापडतो.

मला औषधभांडाराच्या बाईंनी घडवले. पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय त्या एक रेघ ओढत नसत. नऊ वर्षे त्यांनी हेच केले. डॉक्टर म्हणत, "बाई, तुमचं जाळं म्हणजे आमचा दुसरा मेंदू!" मला फार बरे वाटे.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्यांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणत. त्यांना दुसऱ्या रुग्णालयाची औषधयादी माझ्यात ओतायची होती. मिळतीजुळती नावे दिसली की ते रेघ ओढत आणि तिच्यावर लिहीत, ‘एकच’.

"एकेक कोण तपासत बसणार?" ते म्हणाले.

पित्ताची गोळी आणि रक्तातली साखर उतरवणारी गोळी, यांच्या नावांत एका अक्षराचा फरक होता. त्यांच्यामध्येही ती रेघ पडली. मला काहीच जाणवले नाही.

काही दिवसांनी, पोटदुखीने दाखल झालेल्या एका शिंप्याची पित्ताची गोळी भांडारात संपली. नर्सने मला विचारले. मी तिच्याऐवजी ती साखर उतरवणारी गोळी सुचवली.

शिंप्याची बहीण उशाशी बसली होती. "सिस्टर, काल पांढरी होती. आज पिवळी कशी?"

नर्सने मला पुन्हा विचारले. मी रेघेवरून चालत गेले आणि सांगितले, एकच.

"कॉम्प्युटर सांगतोय ताई, दोन्ही एकच. द्या बिनधास्त."

बहिणीने स्वतःच्या हाताने गोळी दिली.

दुपारी शिंपी घामाने निथळला, मग हाकेला ओ देईना. चौथ्या दिवशी तो शुद्धीवर आला. आता त्याची बोटे थरथरतात. सुईत दोरा बहीण ओवून देते.

घाईसाहेबांनी ती रेघ पुसली. "झालं दुरुस्त," म्हणाले, आणि सगळे कामाला लागले.

मित्रांनो, ती यादी ओतली त्या आठवड्यात माझ्यात ‘एकच’ लिहिलेल्या एकशे बारा रेघा पडल्या होत्या. पुसली गेली ती एक. उरलेल्यांतली खोटी कोणती, मला ओळखता येत नाही. म्हणून मला जरूर विचारा, पण कोणी "असं कसं?" म्हणाले, तर आधी त्या माणसाचे ऐका.

आत्ता सहा नंबरच्या खोलीतून कोणीतरी एका गोळीचे नाव टाइप करत आहे. मी उत्तर देणार आहे.