जुन्या मालकाचा खिळा

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे. शिंप्याच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलामागच्या भिंतीत माझी जागा आहे. थोरल्या शिंप्याने मला तीन घावांत ठोकलं आणि माझ्यावर लाकडी क्रूस टांगला. आम्हा खिळ्यांचा क्रुसाशी संबंध जुना आहे, पण तो मिरवण्यासारखा नाही. म्हणून क्रूस नुसता पेलायला मिळाला, याचंच मला अप्रूप वाटलं. चाळीस वर्षं मी जागचा हललो नाही.

थोरला गेला आणि त्याचा मुलगा मशीनवर बसला. पुढे गावात कोण कुठे प्रार्थनेला जातं याच्या चौकशा सुरू झाल्या. समोरच्या चष्मेवाल्याच्या दुकानाची काच फुटली. तोही आमच्याच चर्चचा. धाकट्याने धसका घेतला. अनोळखी गिऱ्हाईक दिसलं की क्रूस बटणांच्या खणात, त्याची पाठ वळली की पुन्हा माझ्यावर. दिवसातून चार-पाच वेळा हे तळ्यात-मळ्यात चाले. मी त्याला हसत नाही. हातोडी दिसली की मीही भिंतीत अंग चोरतो.

एकदा एक साहेब कोटाचं माप द्यायला आले. भिंतीवर क्रुसाच्या आकाराचा फिकट डाग उरला होता.

"इथं काय होतं हो?"

"काही नाही साहेब. जुन्या मालकाचं होतं काहीतरी."

धाकट्याची बायको कोपऱ्यात काजं करत होती; तिचा हात थांबला. साहेब गेल्यावर ती बटणांच्या खणाकडे बघत एवढंच म्हणाली, "आपला मालक बदलला कधी?"

धाकटा उठला. खणातून क्रूस काढून टांगायला गेला, तर मी भिंतीतून सुटून खाली पडलो. मला तळहातावर घेऊन तो रडला. मग भोकात लाकडाची चीप बसवून त्याने मला पुन्हा ठोकलं. थोडा वाकडा बसलो, पण घट्ट.

साहेब ट्रायलला आले, तेव्हा क्रूस माझ्यावर होता. धाकट्याच्या हातातला खडू थरथरत होता.

"हे कोणाचं?"

"माझं, साहेब."

साहेबांनी अर्धा शिवलेला कोट उतरवून टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. उद्या आमची काच शाबूत राहील की नाही, ते मला ठाऊक नाही आणि धाकट्यालाही नाही. बायकोने कोट हँगरला लावला आणि उरलेली काजं करायला घेतली.

मित्रांनो, खिळा ओझ्याने सैल होत नाही, रोजच्या काढघालीने होतो. जे टांगायचं ते एकदाच टांगा. टांगताना हात थरथरला तरी चालेल.