तळचा ताव

मित्रांनो, मी छपाईची एक जुनी मशीन आहे. जुनी म्हटले म्हणून लगेच नाक मुरडू नका. भोपाळच्या एका छापखान्यात मागच्या भिंतीशी मला उभे केले आहे. माझ्यावर कागदांची रिमे रचली आहेत आणि इथला फोरमन माझ्या काठावर चहाचा ग्लास ठेवतो. पण मला स्वस्थ बसायची सवय नाही हो! माझा जन्मच पुढे-मागे, पुढे-मागे धावण्यासाठी झाला. उभे राहून राहून जीव नुसता तळमळतो.

माझे माहेर विलायतेत, यॉर्कशरमधल्या ओटली गावी. वार्फ नदीच्या काठचे हे बाजाराचे गाव. सातशे वर्षे तिथे बाजार भरत आला आहे, आणि गावाच्या डोक्यावर शेव्हिन नावाचा लांबट डोंगर आहे. मला घडवणारे कारागीर जेवणाच्या सुट्टीत गावाच्या बढाया मारत, त्या सगळ्या मला पाठ आहेत. थॉमस चिपेंडेल नावाचा सुतार याच गावचा. तो लंडनला गेला आणि त्याच्या खुर्च्या अशा गाजल्या, की आजही लोक त्या त्याच्याच नावाने ओळखतात. आम्हा मशीनच्या घराण्याला नदीच्या खोऱ्याचे नाव मिळाले, वार्फडेल. आम्ही देशोदेशी जाऊन पडलो. पण मला सगळ्यात आवडते ती गोष्ट वेगळीच. जवळच्या डोंगरातून आगगाडीचा बोगदा खणताना बरेच मजूर दगावले. ओटलीच्या चर्चच्या आवारात त्यांच्यासाठी एक स्मारक आहे, अगदी त्या बोगद्याच्या तोंडासारखे. साहेबसुभ्यांचे पुतळे सगळीकडेच असतात. खणणाऱ्यांची आठवण ठेवणारे गाव विरळाच.

ग्वाल्हेरच्या जगदेवरावांच्या आजोबांनी मला मागवले. बोटीने मुंबई, मग रेल्वे, मग बैलगाडी, अशी माझी वरात ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या नया बाजारात आली. किल्ल्याचा डोंगर पाहिला आणि मी दचकलेच. म्हटले, हा शेव्हिन माझ्यामागून इथे कधी आला? त्या दिवसापासून हे माझे सासर झाले. दरबारच्या निमंत्रणपत्रिका, बाड्याच्या चौकातल्या दुकानांच्या जाहिराती, पंचांगे, शाळेच्या प्रश्नपत्रिका, काय काय म्हणून छापले!

मला चालवत कान्होजी धुमाळ. त्यांचे पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर आलेले. घरात तलवार होती, पण कान्होजींची खरी करामत बोटांत. अक्षर कुठे फिके उठले, तर माझ्या सिलिंडरवरच्या कागदाला त्या जागी खळीने पातळ कागदाचा तुकडा चिकटवून ते अक्षर उचलून घ्यायचे. छापखान्यात याला मेकरेडी म्हणतात. सिलिंडरवर असे तावावर ताव चढवलेले असतात. कान्होजी डोळे मिटून, नुसता हात फिरवून सांगत की उणे कुठे आहे. लोक छपाईची वाहवा करत. प्रत्येक तावाच्या तळाशी मात्र मुद्रक म्हणून मालकाचे नाव असे. मशीनवाल्याचे नाव कोण छापतो?

मग संस्थान विलीन झाले. संस्थानचा सूर्य आणि नागांचा ठसा माझ्या फर्म्यातून, म्हणजे खिळ्यांच्या चौकटीतून, निघाला आणि ‘मध्य भारत’ ही नवी अक्षरे आली. ती कुठे झिजतात न झिजतात, तोच आठ वर्षांनी मध्य भारतही संपणार असे ठरले. नव्या राज्याची राजधानी भोपाळला, कचेऱ्या भोपाळला. आज एका कारकुनाची ट्रंक टांग्यात चढे, उद्या दुसऱ्याची. सरकारी कामे आटली. मी दिवस दिवस उभी राहू लागले आणि दाराशी कोणी आले, की वाटे, भंगारवाला तर नव्हे?

छप्पन साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी भोपाळहून गोविंदप्रसाद आले. त्यांना तिथे छापखाना टाकायचा होता. छपाई स्वच्छ उठली तर मशीन घेणार, नाहीतर परत जाणार, असा करार. मशीन चालवायला त्यांचा स्वतःचा माणूस होता, म्हणजे कान्होजींना बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि सौदा फिसकटला, तर दिवाळीआधी मला तोडून विकायचे जगदेवरावांनी ठरवले होते.

पण तो दिवस खंडेनवमीचा! सकाळीच कान्होजींनी घरची तलवार माझ्याशेजारी मांडून दोघींची पूजा केली होती. मला झेंडूची माळ, चाकाला कुंकू. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी काम लावायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत.

“कान्होजी, मशीनचा पट्टा चढवा,” जगदेवराव म्हणाले. “साहेबांना संध्याकाळची गाडी आहे.”

“पूजा होऊन चुकली, सरकार. आता उद्या सकाळीच.”

“उद्या हे थांबणार आहेत का?”

“ते मला नाही माहीत. आज हिला हात नाही लागणार.”

जगदेवरावांचा पारा चढला. “मला कळतंय सगळं! ही गेली की तुमचं काम जाणार, म्हणून देवाचं नाव पुढे करता. हिला जाऊच द्यायचं नाही तुम्हाला!”

कान्होजी माझ्या माळेकडे वळले. खरे सांगते, मलाही तीच शंका आली. भीतीने माझे रूळ थिजले. चालवले नाही तर मी मोडीत जाणार, आणि हा माणूस माळेची फुले सारखी करत उभा!

गोविंदप्रसाद हसले. म्हणाले, “हमारे यहाँ दिवाली की दूज पर कलम-दवात पूजते हैं। उस दिन मैं अपनी बही में एक अक्षर नहीं लिखता। ठीक है भाई, सुबह तक रुक जाता हूँ।”

दसऱ्याच्या सकाळी कान्होजींची मुलगी दुर्गा बरोबर आली. ती फूलबागेजवळच्या शाळेत शिकवायची. परीक्षेला पंचांगाचे पान निवडले होते. अक्षरांचे बारीक खिळे, नाजूक रेघा, छापायला महाकठीण. एक तुकडा तिरपा लागला असता, तर पान डागाळले असते आणि मी निदान दिवाळीपर्यंत तरी त्यांच्याजवळ राहिले असते. कान्होजींचा हात सिलिंडरवर एका जागी थबकला. बराच वेळ तो तिथेच राहिला.

दुर्गा हळूच म्हणाली, “बाबा, आज सीमोल्लंघन आहे ना? जाने दो इसे.”

कान्होजींनी खळीचे बोट उचलले आणि तुकडा नेमका जागेवर बसवला. मग एक, मग दुसरा, असे सतरा तुकडे. पट्टा चढला. पुढे-मागे, पुढे-मागे! साठ वर्षांत माझ्या हातून असे पान उतरले नव्हते. गोविंदप्रसादांनी भिंग लावून पाहिले आणि नुसती मान डोलावली.

 जगदेवराव उठून खिळ्यांच्या खणांकडे गेले. मालकाने खिळे जुळवल्याचे मी कधी पाहिले नव्हते. चाचपडत, चुकत त्यांनी एक ओळ जुळवली, फर्म्यात बसवली आणि म्हणाले, “कान्होजी, माफ करा. एवढा एकच ताव काढा.”

ताव निघाला. ‘मशीन चालवली : कान्होजी धुमाळ, नया बाजार, लश्कर.’

कान्होजींनी तो दोनदा वाचला. दुर्गा म्हणाली, “घरी नेऊ, बाबा. फ्रेम करवून घेऊ.”

“नको,” ते म्हणाले. “घरी भिंतीवर नुसता पिवळा पडेल. हिच्यापाशी राहू दे.”

त्यांनी सिलिंडरवरचे सगळे कागद उलगडले, तो ताव अगदी तळाशी ताणून बसवला आणि वरून पुन्हा एकेक कागद चढवला. मग झेंडूचे एक फूल माझ्या चाकाला अडकवून ते बाहेर गेले. मागे वळून बघितले नाही. बघितले असते तर मला बरे वाटले असते.

भोपाळला मी पुष्कळ वर्षे राबले. वरचे कागद कितीदा बदलले, तळच्या तावाला कोणी हात लावला नाही. आता माझ्याकडे कोणी फिरकत नाही. मित्रांनो, तुम्ही कधी इकडे आलात, तर माझ्यावरची रिमे हलवा, थोडे तेल घाला. आणि मला तोडायची वेळ आलीच, तर हातोडा उचलण्याआधी सिलिंडरवरचे कागद एकेक करून उलगडा. सगळ्यात खाली एक नाव आहे. ते मोठ्याने वाचा.