सील न फोडलेला प्रोसेसर

आमच्या घरात दोन प्रकारच्या वस्तू आहेत. ज्यांचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही अशा, आणि ज्यांचं प्लॅस्टिक म्हातारं होऊन आपणहून गळून पडलं अशा.

फ्रिजच्या दारावरचा पातळ पापुद्रा फ्रिजबरोबरच आला आणि फ्रिजबरोबरच जाईल. त्याखाली हवेचे फोड आलेत. टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो. वॉशिंग मशीनची बटणं आम्ही कव्हरावरून चाचपून दाबतो, त्यामुळे कपडे कसे धुतले जातील हे कपड्यांच्या नशिबावर असतं. गाडीत सीटवर बसलं की असा काही आवाज होतो की पाहुणे ओशाळून खिडकीबाहेर बघायला लागतात. आम्ही नाही ओशाळत. आम्हाला सवय आहे.

हे सगळं बाबांमुळे. बाबा विमा कंपनीत आहेत. जगातली प्रत्येक वस्तू बिघडण्याच्या वाटेवर आहे असं त्यांना वाटतं, आणि असं वाटण्याचा त्यांना पगार मिळतो. "प्लॅस्टिक काढलं की वस्तू जुनी व्हायला सुरुवात होते," असं ते म्हणतात. आई यावर काही बोलत नाही. लग्न झालं तेव्हा बोलायची म्हणे.

आई स्वयंपाकघरांची चित्रं करते. म्हणजे कपाटं बनवणारे एक काका आहेत, ते तिला मापं पाठवतात आणि ती कॉम्प्युटरवर अख्खं स्वयंपाकघर उभं करते : ओटा, कपाटं, खिडकीतून आलेलं ऊन, उन्हात चमकणारा नळ. गिऱ्हाईक अजून कुठेच नसलेल्या त्या ओट्याकडे बघतं आणि म्हणतं, खिडकी जरा डावीकडे घ्या. मग आई खिडकी डावीकडे घेते आणि चित्र पुन्हा शिजायला ठेवते. कॉम्प्युटर उजेडाचा एकेक किरण मोजून चित्र तयार करतो, त्याला आमच्याकडे चित्र शिजणं म्हणतात. आमच्या कॉम्प्युटरवर ते फार मंद आचेवर शिजायचं. मी शाळेत जाताना लावलेलं चित्र मी परत आले तरी कच्चंच असायचं, आणि त्या काळात खोलीत विमान उडायच्या बेतात असल्यासारखा पंखा ओरडायचा. आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलायचो.

एका सोमवारी कपाटवाल्या काकांचा फोन आला. आईने तो स्पीकरवर ठेवला, कारण चित्र शिजत होतं.

"ताई, तुमचा हात फार छान आहे हो. पण मशीन म्हातारं झालंय तुमचं. इथे एक मुलगा आलाय, सकाळी सांगितलं की जेवायच्या आत चित्र हातात देतो. शुक्रवारी नव्या इमारतीची माणसं येतायत माझ्याकडे. सगळी स्वयंपाकघरं दाखवायचीत. तुम्हाला जमणार असेल तर बोला, नाहीतर त्याला देतो. वाईट वाटून घेऊ नका."

"जमेल," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती पडद्याकडे बघत बसली. त्यावर नळाचा वरचा अर्धा भाग तयार झाला होता. हे काम मिळण्याआधी आई एका ऑफिसात दुसऱ्यांच्या चित्रांवर मापं टाकून द्यायची. दिवसभर बाण काढायचे आणि बाणांवर आकडे. ती तिथे परत जायला तयार नव्हती. तिने तसं म्हटलं नाही, पण अर्ध्या नळाकडे इतकं रोखून कुणी उगाच बघत नाही.

जेवताना विषय निघाला. बाबा म्हणाले, नवा प्रोसेसर घेऊ. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. कॉम्प्युटर बाबांनी तीन वर्षांपूर्वी स्वतः जोडलेला, त्यामुळे त्याबद्दल ते सर्जनसारखं बोलतात. आमच्या कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डावर बसतील असे दोन बाजारात होते : गेल्या वर्षीचा, आणि त्याचाच या वर्षी आलेला रिफ्रेश.

मी नुकतीच शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आले होते. 'शाळेत घंटा नसावी' या बाजूने. निकाल जाहीर झाला आणि घंटा वाजली. तेव्हापासून मी विषयाच्या शोधातच होते.

"रिफ्रेश म्हणजे नवा नाही, बाबा," मी म्हणाले. "गेल्या वर्षीचाच आहे, त्याला जरा जोरात पळायला सांगितलंय. आत काम करणारे कोर तितकेच, साचा तोच. म्हणजे गणिताचे तेच सर, फक्त शर्ट नवा आणि वर्गात दोन मिनिटं लवकर."

"लवकर येतात ना पण?"

"येतात, पण शिकवतात तेच! आणि हा वीज जास्त खातो, तापतोही जास्त." मी वहीत दोघांच्या वेगाच्या दोन पट्ट्या काढून दाखवल्या. रिफ्रेशची पट्टी फक्त नखाएवढी जास्त लांब होती.

बाबांनी चष्मा वर करून बघितलं. "लांब आहे."

"नखाएवढी!"

"नखाएवढी का होईना, लांबच."

"या नखासाठी जास्त पैसे मोजायचे?"

"अगं, तुझी मुलगी वकील होणार," बाबा आईला म्हणाले.

"तुम्ही दोघं काय व्हायचं ते व्हा," आई म्हणाली, "मला शुक्रवारी चित्रं पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी दुकानात गेलो. दुकानदार उंच स्टुलावर बसून पंख्यातली धूळ ब्रशने काढत होता.

"या दोघांत फरक काय?" बाबांनी विचारलं.

"खोक्याचा रंग."

मी बाबांकडे विजयी नजरेने बघितलं.

"म्हणजे हा वेगात थोडा पुढे आहे," दुकानदार म्हणाला. "तुम्ही शेजारी शेजारी लावून घड्याळ घेऊन बसलात तर कळेल. ज्याच्याकडे आधीचं काहीच नाही, त्याने नवा घ्यावा. ज्याच्याकडे गेल्या वर्षीचा आहे, त्याने घरी जाऊन झोपावं. तुमच्याकडे कुठला आहे?"

बाबांनी सांगितलं. दुकानदाराचा ब्रश थांबला.

"तो एवढा हळू नसतो हो. काय करता काय त्याच्यावर?"

"स्वयंपाकघरं," बाबा म्हणाले.

दुकानदार स्टुलावरून उतरला. दोन्ही खोकी काउंटरवर ठेवली. मी माझं भाषण सुरू करणार, इतक्यात बाबांनी गेल्या वर्षीचं खोकं उचलून प्रकाशात धरलं. त्याचं सील कुणीतरी उघडून बघितलेलं होतं.

संपलं. पट्ट्या, कोर, गणिताचे सर, सगळं संपलं. बाबांनी रिफ्रेश घेतला.

"सील शाबूत असेल तर आठवडाभरात परत घेतो," दुकानदार म्हणाला. "सील फुटलं की तुमचं आमचं नातं संपलं."

घरी येऊन बाबांनी खोकं टीव्हीशेजारी ठेवलं, थोडं तिरकं, म्हणजे दारातून दिसेल असं. बुधवारी संध्याकाळीही ते तिथेच होतं.

"अहो, ते शोभेचं आहे का?" आईने विचारलं.

"एकदा फोडलं की फोडलं. आधी जुना नीट बाहेर काढू, जागा स्वच्छ करू, मगच नवा उघडायचा. मेंदूचं काम आहे."

"मग काढा की! पुढच्या बुधवारी नाही काढायचा, या बुधवारी काढायचा."

बाबांची बोटं जाड आहेत, म्हणून स्क्रू मी काढले. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसतो. खाली प्रोसेसर तापतो, तांबं ती उष्णता ओढून घेतं, पंखा ती उडवून लावतो. दोघांच्या मध्ये टूथपेस्टसारखी करडी पेस्ट असते. ठोकळा जरा हलवला आणि तो चप्प करून सुटला.

मी तो उलटा केला. पेस्टखाली काहीतरी लाल दिसत होतं. कागदाने पुसलं. पिवळट पडलेला एक पातळ पापुद्रा होता, आणि त्यावर अक्षरं होती.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

मी स्पर्धेतल्यासारखं, शब्द सुटे करून वाचलं. "बसवण्यापूर्वी. हे प्लॅस्टिक. काढून टाका."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. श्रोत्यांवर इतका परिणाम मला स्पर्धेतही साधला नव्हता.

"म्हणजे," आई सावकाश म्हणाली, "तीन वर्षं हा पंखा प्लॅस्टिकला वारा घालत होता?"

"तसंच काही नाही," बाबा म्हणाले.

"मग कसं?"

बाबांनी विचार केला. "बरोबर. तसंच."

प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला हळू चालतो, हे मी वाचलेलं होतं. आमचा बिचारा रेनकोट घालून उन्हात पळत होता आणि आम्ही त्याला म्हातारा म्हणत होतो. नवा रिफ्रेश त्याच ठोकळ्याखाली बसवला असता तर तो जास्त तापला असता आणि आणखी हळू चालला असता. हे मी मोठ्याने म्हणाले. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचे दोन मुद्दे मी गिळले. ते चांगले मुद्दे होते.

"पण खालचं तांबं अजून कोरं असेल," बाबा म्हणाले.

आईने त्यांच्यापुढे ठोकळा धरला. "काढा."

बाबांनी कोपऱ्याला बोट लावलं. मागे घेतलं. पुन्हा लावलं. "तूच काढ," ते म्हणाले.

आईने नखाने कोपरा उचलला आणि एका दमात ओढला. सर्रर्र. आमच्या घरात हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तांबं खरोखरच कोरं होतं, आरशासारखं. बाबांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला, पण तो त्यांनी फार वेळ बघितला नाही.

पेस्टची उरलेली नळी बाबांनी माळ्यावरच्या खोक्यात जपून ठेवलेली होतीच. नवा थर लावला, ठोकळा बसवला, स्क्रू आवळले, बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही.

"गेला," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. मी पंख्याजवळ कान नेला. तो फिरत होता, पुस्तक वाचणाऱ्या माणसासारखा, गुपचूप. पडदा उजळला. आईने सोमवारचं ते स्वयंपाकघर शिजायला लावलं. मी अंघोळ करून आले तेव्हा अख्खा नळ चमकत होता, खिडकी, ऊन आणि उन्हातली फळांची टोपली, सगळं तयार.

आईने चित्र अगदी जवळून बघितलं. मग तिने पडद्याचा कोपरा नखाने चाचपला.

"अगं, तो नको," बाबा म्हणाले.

सर्रर्र.

"अरे देवा," आई म्हणाली, "हा ओटा निळसर आहे."

पडद्यावरचा पापुद्रा पिवळा पडला होता, आणि त्यातून ओटा पांढरा दिसावा म्हणून आई इतके दिवस निळा मिसळत होती. आता सगळे ओटे पुन्हा पांढरे करून पुन्हा शिजवायचे होते. मागच्या आठवड्यात ही बातमी ऐकून तिने डोकं धरलं असतं. आता तिने बाह्या वर केल्या.

शुक्रवारी सकाळी सगळी स्वयंपाकघरं गेली. दुपारी फोन आला. तो स्पीकरवर ठेवायची गरज नव्हती, पण आईने ठेवला.

"ताई, माणसं खूश झाली! मागच्या विंगचंही काम तुमच्याकडेच. नवीन मशीन घेतलंत वाटतं?"

आईने बाबांकडे बघितलं. बाबा रिमोटची पिशवी सारखी करत होते.

"नाही हो," आई म्हणाली. "जुनंच आहे. उघडून बघितलं फक्त."

"बरं. पण तो तुमचा खास निळसर ओटा का नाही ठेवला या वेळी? लोकांना आवडायचा."

संध्याकाळी आम्ही खोकं परत द्यायला गेलो. दुकानदाराने ते फिरवून फिरवून तपासलं. सीलवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

"असं गिऱ्हाईक मिळत नाही," तो म्हणाला. "लोक घरी पोचायच्या आत फाडतात."

बाबा ताठ झाले. घरी येईपर्यंत ते ताठच होते. "बघितलंस ना?" ते मला गाडीत दोनदा म्हणाले, आणि सीटने दोन्ही वेळा साथ दिली.

आईने तो लाल अक्षरांचा पापुद्रा फ्रिजच्या दारावर, फ्रिजच्या पापुद्र्यावर चिकटवलाय. बाबा पाणी घ्यायला गेले की तो त्यांच्या नाकासमोर येतो. रविवारी ते तिथे बराच वेळ उभे होते. मग त्यांनी फ्रिजच्या पापुद्र्याचा खालचा कोपरा हळूच नखाने उचलला.

मी धावत जाऊन तो परत दाबून बसवला. "फ्रिजचं राहू द्या," मी म्हणाले. ते फोड मी लहानपणापासून दाबतेय, आणि खालच्या बाजूचे दोन अजून दाबायचे राहिलेत.