न लागलेलं विरजण

सोजराबाईंनी गाडगं तिरपं केलं आणि दूध पाण्यासारखं काठापर्यंत धावत आलं. आजही दही नाही. त्यांनी गाडगं दाणकन चुलीपाशी ठेवलं.

"बघ मुंजाजी, तुझ्या बहिणीच्या हाताचा गुण! विरजण लावलं तर दही लागंना, उकिरडा भरला तर कुजंना. खताबिगर हळद कशी लावावी आमी? घेऊन जा तिला."

निरोप मिळताच मुंजाजी आला होता. तो खाली मान घालून बसला. दाराशी त्याची बहीण जनका, सोजराबाईंची सून, लुगड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. पोरीनं काय कमी केलं होतं? गाडगं राखेनं घासघासून घेतलं, शेजारच्या शरीफाभाभीकडून ताजं विरजण आणलं, चुलीच्या उबेला ठेवलं. पण सासूच्या डोक्यात एकदा भरलं ते भरलं. जनकाचा नवरा सोनाजी मघापासून गोठ्यात वैरण सारखी करत होता. आईपुढे त्या बाबानं जन्मात कधी चकार शब्द काढला नव्हता.

तेवढ्यात बाळापूरचे ढोरांचे डॉक्टर सायकल भिंतीला लावून आत आले. म्हशीची कास सुजली होती, तेव्हापासून त्यांच्याच सुया चालू होत्या. त्यांनी कास चाचपली, सूज उतरली म्हणाले आणि हात धुवायला चुलीकडे वळले.

"हे दूध घरात कसं?"

"काहून? खायाला," सोजराबाई म्हणाल्या. "दही मातुर लागत न्हाई. या सुनेच्या हाताला..."

"सुनेचा हात कुठून आला मधेच? अहो, औषध दुधात उतरतं, शेणात उतरतं. कासेतले जंतू मारतं, तसे दही लावणारेही मारतं. उकिरड्यात गेलं की कुजवणारे मारतं. खतातून शेतात गेलं, तर मातीतही किती दिवस राहील सांगता येत नाही. म्हणून तर सोनाजीला बजावलं होतं, दूध टाका, शेण वेगळ्या खड्ड्यात पुरा. बोलला नाही तो?"

सगळ्यांनी गोठ्याकडे पाहिलं.

"म्या कसं बोलू?" सोनाजी पुटपुटला. "दुष्काळात रेशनच्या मिलो जवारीच्या भाकरी खाऊन दिवस काढले मायनं. तिला दूध टाक म्हणू व्हय?"

सोजराबाईंचा चेहरा पडला. वाईट वाटलं त्यांना, खरंच वाटलं. त्या जनकाच्या बोचक्याला हात घालत म्हणाल्या,

"चल, ऊठ माय. झालं गेलं. तुझा काय बी दोष न्हाई."

जनकानं बोचकं सोडलं नाही. ती उठली, भावाला चल म्हणाली आणि अंगणात जाऊन गोठ्यापुढे थांबली.

"दूध टाका म्हणाया जीभ उचलली न्हाई तुमची," ती नवऱ्याला म्हणाली. "बायकू टाकताना तरी उचलायची व्हती."