रिकाम्या खुर्चीपुढचा ब्रेक

मित्रांनो, मी विमानाचा एक जुना ब्रेक आहे; पण आता मला ना विमान, ना चाक. हसू नका. बारामतीजवळ कन्हेरीत, उसाच्या कडेला पत्र्याचं एक शेड आहे. तिथे एका खुर्चीपुढे लोखंडी चौकटीत मला बसवलं आहे. समोर मोठा पडदा. पडद्यावर विमान धावतं, उडतं, उतरतं. खुर्ची मात्र जागची हलत नाही. मला दाबलं की पडद्यावरचं विमान थांबतं. जे नाहीच त्याला थांबवायचं, हे माझं सध्याचं काम.

तरुणपणी मी खराखुरा कामाला होतो. शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानात उजव्या पायडलामागे माझी जागा होती. मी म्हणजे वीतभर नळी. पोटात एक दट्ट्या आणि लाल ऑईल. पाय पडला की दट्ट्या ऑईलला ढकलायचा. ऑईल मुळात हट्टी, दाबून लहान होत नाही. मग सगळा जोर बारीक पाइपातून चाकापर्यंत जायचा आणि चाक आवळलं जायचं. पण आत हवा शिरली की घात झाला. हवा लबाड, दाबली की अंग चोरते. पाय पार खाली जातो आणि चाकाला पत्ताच नसतो.

शिकवायला दादासो सर होते, सणसरचे. विमान उतरवण्याआधी ते मला दोनदा दाबून बघायचे. एकदा हळू, एकदा पुरतं. शेजारी बसलेल्याला सांगायचे, "आधी पायडलात दम हाय का बघ. जमिनीला टेकल्यावर बघून काय उपेग?" त्यांचा पाय मला ओळखू यायचा. पुढे सर म्हातारे झाले, घरी गेले आणि तिथेच वारले. विमान मोडीत निघालं. मी भंगारात पडलो आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. आभाळात फिरलेल्याची ही गत! मला फार वाईट वाटायचं.

तिथून मला वाजिदने उचललं. बारामतीत त्याचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. त्याची धाकटी बहीण मेहरीन विमान चालवायला शिकते; तिच्या सरावासाठी त्याने हे शेड थाटलं. चाकाऐवजी माझ्या पाइपाच्या टोकाला त्याने दाब मोजणारी डबी लावली. माझ्यात जेवढा दाब, तेवढाच पडद्यावर ब्रेक. डोकं तल्लख आहे गड्याचं, नाही म्हणणार नाही. पण माझ्यातलं ऑईल कमी दिसताच त्याने दुकानातल्या फळीवरची एक बाटली काढली आणि ओतली. तेव्हापासून माझ्या पोटात काहीतरी आंबू लागलं.

मग ती दुपार आली. ऊन मी म्हणत होतं. मेहरीनने पडद्यावरचं विमान उभं केलं, मला दाबून पार्किंगचा खटका ओढला आणि पाणी प्यायला घरात गेली. खटका ओढला की दाब आतच कोंडून राहतो, पाय काढला तरी. पडद्यावर इंजिन घुमत होतं. तेवढ्यात तिची आई लैला आणि शेजारच्या कुशाबाई शेडात आल्या. खुर्ची रिकामी होती. आणि त्या बघत असताना उभ्या विमानाचं नाक हळूहळू डावीकडे वळू लागलं, हाक ऐकून कोणी मान वळवावी तसं.

"अगं बया! कोण फिरवतंय ह्ये?" लैला म्हणाली.

कुशाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही पायडलं दादासोंच्या इमानातली न्हवं? माझ्या माहेरचं माणूस त्ये. आजून पाय काढला न्हाय वाटतं त्यानं."

कुशाबाई विमानाला 'इमान' म्हणतात. लैलाला त्या शब्दाचा दुसरा अर्थ, निष्ठेचा, जास्त जवळचा. ती दारातच थिजली. आणि खरं सांगतो, मित्रांनो, मीही भ्यालो. आत कोंडलेला जोर कोणीतरी हळूहळू सोडून देत होतं, आणि ते कोण हे मलाही कळत नव्हतं.

दोन दिवसांनी मेहरीन पहिल्यांदाच एकटी उडणार होती, शेजारी सर नसताना. लैलाने तिला समोर उभं केलं. "तू जायाचं न्हाय. ताप हाय म्हनून कळव."

"अम्मी, ह्याच दिवसासाठी शिकले ना मी!"

"रिकाम्या खुर्चीत कुणीतरी बसतंय, आन तू वर एकटी बसनार? न्हाय म्हंजे न्हाय."

मेहरीन रडत शेडात आली, अनवाणीच खुर्चीत बसली आणि रागाने तिने मला दाबून धरलं. मी हळूहळू खाली जाऊ लागलो. मला तोंड नाही. मला एकच भाषा येते, ती मी बोललो. तिच्या पायावर एक थेंब पडला.

तिने तो बोटावर घेतला, उजेडात धरला. थेंब पिवळट होता.

"भाई!" तिने हाक मारली. "ह्यात कुठलं ऑईल घातलंस?"

"ब्रेक ऑईल."

"विमानाला?"

"मग? ब्रेकला ब्रेक ऑईल न्हाय घालायचं, तर काय गोडं तेल घालू?"

"ह्याला लाल हायड्रॉलिक ऑईल लागतं. तुझ्या बाटलीनं आतलं रबर सडलं. उजवा दाब गळतोय आन डावा ब्रेक धरून हाय, म्हनून विमान डावीकडं फिरतंय!"

वाजिदने कपाळावर हात मारला. मला उघडलं, तेव्हा आतलं रबरी कडं भिजल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं. त्याने मला पुसून नवं कडं बसवलं आणि खालून लाल ऑईल ढकललं. वरच्या वाटीत बुडबुडे येऊन हवा निघून गेली. मग खटका ओढून सगळे चहा घेत बसले. विमान हललं नाही.

"म्हंजे रबराचं भूत व्हय ह्ये?" लैला म्हणाली. थोडी हसली. मग मान खाली घालून म्हणाली, "जा बाई. नीट उतर."

उड्डाणाच्या दिवशी सकाळी वाजिद आणि मेहरीन विमानतळावर गेले. लैलाला तिकडे जाऊन बघवेना. ती माझ्याजवळ, शेडात बसून राहिली. लाईट गेलेली. पडदा काळा. ओठ हलत होते तिचे. आणि अचानक मी दाबला गेलो. एकदा हळू, एकदा पुरतं. खुर्चीत कोणी नव्हतं. माझ्यात दम होता. मी तो धरला. लैलाने पायडल हलताना पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

मेहरीन धावतच आली. "उतरले, अम्मी! एकटी! आन उतरायच्या आधी काय वाटलं कुनास ठाऊक, ब्रेक दोनदा दाबून बघितला. एकदा हळू, एकदा पुरता." दादासोंची सवय तिला कोणी सांगितली नव्हती.

लैलाने तिला जवळ घेतलं. सगळे आत गेल्यावर लैला वाकली, पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "इमान राखलंस." ती माझ्याशी बोलली की त्या रिकाम्या खुर्चीशी, देव जाणे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र असेल. त्याच्या नावावरून त्यात तेल ओतू नका. त्याला काय लागतं ते आधी विचारा. आम्ही मुके असतो, गळलो तरच बोलतो. म्हणून थेंब पुसण्याआधी त्याचा रंग बघा.